वॉगा वॉगाची हवा: तुमचे अनुभव लिहा

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्सच्या आतल्या भागात, मरमबिजी नदीकाठचं आमचं वॉगा. वर्षाला साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तोही बाराही महिने विखुरलेला. चार महिन्यांचा पावसाळा विसरा. नवीन येणारे विचारतात, "हवा कशी असते हो?" एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हा धागा. इथे किंवा जवळच्या जूनी, कूलामन, नारँडेरा या गावांत राहिलेल्यांनी लिहा. तापमानाचे आकडे फोनवर मिळतात, ते नकोत.

वऱ्हाडी: अकोल्याच्या माणसाला इथला उन्हाळा काय घाबरवणार! पारा चाळिशी ओलांडतो, पण हवा कोरडी, त्यामुळे छतावरचा पाण्याचा कूलर झकास चालतो. खिडकी मात्र थोडी उघडी ठेवायची, नाहीतर घरात नुसता दमटपणा. (हे शेजारणीला मी शिकवलं, तिने मला नाही.) जानेवारी 2020 मध्ये वणव्यांचा धूर गावावर येऊन बसला तेव्हा मात्र पंचाईत झाली. कूलर बाहेरचीच हवा आत ओढतो. मग तो बंद, दारं-खिडक्या बंद, आणि आम्ही आत घामाघूम.

पहाटपाळी: जून-जुलैत रात्री आभाळ निरभ्र असेल तर सकाळी गाडीच्या काचेवर बर्फाचा थर. गरम पाणी ओतू नका, तडा जातो. धुक्याच्या दिवशी सकाळच्या विमानाच्या भरवशावर राहू नका.

नदीकाठ: पुराचं कुणीच लिहिलं नाही? पाऊस ओसरला तरी वरचं पाणी येत राहतं, नदी चढतच असते. मार्च 2012 मध्ये पाणी साडेदहा मीटरवर गेलं, गावाचा मधला भाग रिकामा करायला लावला. बांध टिकला, म्हणून बाजारपेठ वाचली. नॉर्थ वॉगा मात्र बुडालं. बांध नंतर उंच केला. घर भाड्याने घेताना ते बांधाच्या कुठल्या बाजूला आहे हे आधी विचारा, स्वयंपाकघर मग बघा.

शिंकरे: सप्टेंबरात कॅनोलाची पिवळीधमक शेतं बघायला सगळे जातात, फोटो काढतात. खरा त्रास त्यानंतर, रायगवत फुलल्यावर. वादळ आलं की परागकण ओलाव्याने फुटतात आणि तो भुगा थंड वाऱ्याबरोबर जमिनीलगत येतो. ऑक्टोबर 1997 मध्ये अशाच एका वादळानंतर इथल्या इस्पितळात दम्याच्या रुग्णांची रीघ लागली होती. आधी दमा नसलेल्यांनाही होतो, नुसती नाक गळण्याची ॲलर्जी पुरते. दम्याचा निळा पंप (इनहेलर) इथे औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतो, घरात ठेवा. ढग दिसले की खिडक्या लावून घ्या.

नवी_पाहुणी: सगळं वाचलं, धन्यवाद! एक बाळबोध शंका: कुरडया कधी घालायच्या?

वऱ्हाडी: जानेवारीत, ताई. खडखडीत वाळतात. माश्यांसाठी जाळी हवीच. आणि पश्चिमेचा वारा सुटला तर ताटं लगेच आत घ्या, नाहीतर लाल धुळीच्या कुरडया तळाव्या लागतील.