मदत हवी आहे: पट्ट्यांचा सर्जनफिश की सार्जंट मेजर?

मंडळी, गेल्या रविवारी गोव्यातल्या ग्रँड आयलंडला स्नॉर्कलिंगला गेलो होतो, तिथे खडकाजवळ तळहाताएवढ्या माशांचा थवा शेवाळ खाताना दिसला, अंग राखाडी-चंदेरी आणि त्यावर उभे काळे पट्टे. मला वाटलं कन्व्हिक्ट सर्जनफिश, कारण एक पट्टा डोळ्यातूनच जात होता असं वाटलं आणि पाठीवर पिवळं काही दिसलं नाही. बोटवाला दादा म्हणाला सार्जंट मेजर, ते इथे नेहमीचेच. पण सार्जंट मेजर माशाच्या पाठीवर पिवळट झाक असते ना, आणि डोळ्यावर पट्टा नसतो.

पाणी गढूळ होतं, फोन पाऊचमध्ये, सगळे फोटो धूसर, शेपटीच्या बुडाशी सर्जनफिशचा तो धारदार काटा आहे का ते झूम करूनही कळत नाही. पुस्तकात बघितलं तर कन्व्हिक्ट पूर्व आफ्रिकेपासून पार पॅसिफिकपर्यंत सापडतो, लक्षद्वीपलाही आहे, फक्त अरबस्तानाभोवतीच्या समुद्रात नाही. चुकीची नोंद टाकायची नाहीये म्हणून विचारतोय.

पुढच्या आठवड्यात परत जातोय, मासा पकडणार नाही, फक्त बघणार. गोव्यात किंवा मालवणला कन्व्हिक्ट कुणी स्वतः पाहिलाय का, आणि लांबून, गढूळ पाण्यात खात्रीने ओळखायला नेमकं काय बघू?