एम.एल.ए. : दोन वर्षे की तीन, हे ठरवण्यापूर्वी पाहण्याची गोष्ट

बी.आर्क. (वास्तुकलेची पदवी) झालेल्याने अमेरिकेत तीन वर्षांच्या एम.एल.ए.च्या, म्हणजे मास्टर ऑफ लँडस्केप आर्किटेक्चर या मोकळ्या जागांच्या रचनेच्या पदव्युत्तर पदवीच्या वाटेला जाऊ नये, दोन वर्षांचाच अभ्यासक्रम घ्यावा, असे सांगितले जाते; हा हिशेब फीपुरता पटतो. परंतु दोन वर्षांचे सगळे अभ्यासक्रम सारखे नसतात, हे त्यात निसटले आहे. तेथील मान्यता मंडळ, म्हणजे लाब (लँडस्केप आर्किटेक्चरल अ‍ॅक्रेडिटेशन बोर्ड), या व्यवसायाची पहिली पदवी देणाऱ्या अभ्यासक्रमांनाच मान्यता देते. हार्वर्डमध्ये वास्तुकलेच्या व्यावसायिक पदवीधरांना अशाच मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात वरच्या टप्प्यावर प्रवेश मिळून तो दोन वर्षांत पुरा करता येतो, मात्र आधीच लँडस्केप आर्किटेक्चरची व्यावसायिक पदवी असणाऱ्यांसाठीचा जो पुढचा, तितक्याच मुदतीचा अभ्यासक्रम तेथे आहे, तो या मान्यतेच्या कक्षेत येत नाही. पन्नासही राज्यांत या व्यवसायाला परवाना लागतो आणि मान्यताप्राप्त पदवी हा त्याचा सर्वांत सरळ मार्ग आहे, त्यामुळे तिकडेच काम करायचे असेल तर विद्यापीठाच्या नावापेक्षा हा तपशील आधी पाहावा. जुलै २०२३ पासून लँडस्केप आर्किटेक्चर अमेरिकी सरकारच्या ‘स्टेम’ (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आल्याने परदेशी विद्यार्थ्यांची पदवीनंतरची कामाची परवानगी १२ महिन्यांवरून एकूण ३६ महिन्यांपर्यंत वाढू शकते. पण त्यासाठी अभ्यासक्रम कोणत्या सांकेतिक क्रमांकाखाली नोंदवला आहे, हे विद्यापीठाला लेखी विचारून घ्यावे.

पुण्या-मुंबईला परतणाऱ्यांचे गणित मात्र वेगळे आहे. आपला १९७२ चा वास्तुविशारद कायदा लँडस्केपसाठी स्वतंत्र नोंदणी ठेवत नाही, म्हणून त्यांनी मान्यतेपेक्षा स्टुडिओ (रचनेचा सराववर्ग) कोण शिकवतो आणि वनस्पती, माती, पाणी यांना किती तास मिळतात, हे पाहणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे. त्या दृष्टीने अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाचाही विचार व्हावा.