मदत हवी आहे – बाळाला मुंबईला न्यायचंय, ट्रेन की गाडी? (अर्जंट)

रेणुका_नाशिकरोड
मंगळवारी बाळाला परत परळला दाखवायचंय. एक डिपार्टमेंट म्हणतं मंगळवारी या, दुसरं म्हणतं गुरुवारी. मधे तिथेच राहायचं की परत यायचं? मागच्या वेळी कसारा घाटात इतकी रडली की सगळ्यांचे हाल झाले. ट्रेन बरी पडेल का? आणि सिलिंडर नेऊ देतात का डब्यात? ह्यांना उद्या रजा टाकायचीय, लवकर सांगा प्लीज.

पंचवटी_पासधारक
डोळे झाकून पंचवटी एक्सप्रेसने या. सकाळी नाशिकरोडला बसायचं, थेट दादरला उतरायचं, तिथून परळ टॅक्सीने. जागा नसेल तर पासवाल्यांना सांगा, कडेवर बाळ बघून कोणीही उठतं. सिलिंडर मात्र विसरा. गॅस ज्वलनशील, टीसी उतरवेल.

घोटीचा_भाऊ
आता घाटातून कोण जातं? समृद्धी जून २०२५ पासून पूर्ण सुरू आहे. इगतपुरीजवळ पिंपरी सदोला चढा, आमणेला उतरा. मधे जवळपास ८ किलोमीटरचा बोगदा, वळणंच नाहीत. गाडी कोणती आहे?

पंचवटी_पासधारक
आणि आमणे ते ठाणे कोण सोडवणार? भिवंडीच्या ट्रकांमागे रडणारं बाळ घेऊन बसा म्हणजे कळेल.

घोटीचा_भाऊ
तुमची पंचवटी तरी कुठे वेळेवर असते! ती दादरला टेकेपर्यंत दहा वाजून जातात. सरकारी ओपीडीचा केसपेपर तुमच्यासाठी थांबतो का?

मनीषा_सिन्नर
अहो थांबा जरा दोघं. रेणुकाताई, बाळ केवढं आहे? कशासाठी दाखवताय? कुठल्या हॉस्पिटलला, केईएम की वाडिया? आणि सिलिंडर कसला?

रेणुका_नाशिकरोड
ऑक्सिजनचा हो, गॅसचा कशाला नेईन! साडेपाच महिन्यांची आहे. हार्टचं आहे आणि तोंडातल्या टाळूचंही. हॉस्पिटलचं नाव नको लिहायला, पुढे तिथेच जायचंय. ट्रेन की गाडी तेवढं सांगा ना.

गोदाकाठ
हार्टचं म्हणजे भोक ना? माझ्या भाच्याला होतं, आपोआप बुजलं. टेन्शन घेऊ नका.

रेणुका_नाशिकरोड
नुसतं भोक नाही, कागदावर फॅलो लिहिलंय. टेट्रालॉजी ऑफ फॅलो, म्हणजे हार्टमध्ये एकदम चार दोष.

सविता_काकू
टाळूला फट असेल तर बाटलीच्या नादी लागू नको गं. ओढता येत नाही त्यांना, दमतात आणि निम्मं दूध नाकातून येतं. बोंडल्याने (चोचीच्या छोट्या भांड्याने) नाहीतर वाटी-चमच्याने पाज. मांडीवर आडवं नाही घ्यायचं, उभं धरायचं. मधे मधे ढेकर काढ.

त्र्यंबकवासी
गरोदरपणात ग्रहणात काही चिरलं होतं का? आमच्याकडे त्यावर विधी होतो, फोन नंबर तुमच्या विचारपूस पानावर देतो.

मनीषा_सिन्नर
काका, ग्रहणाने टाळू फाटत नाही. पोटात असताना सुरुवातीच्या तीन महिन्यांत टाळूचे दोन भाग जुळायचे राहतात. त्या बाईला आधीच घरचे ऐकवत असतील, तुम्ही कशाला भर घालता?

त्र्यंबकवासी
मी फक्त विचारलं. श्रद्धा ज्याची त्याची.

जेलरोडचा_संदीप
हार्टच्या ऑपरेशनला जाणाऱ्या पेशंटला आणि सोबत एकाला रेल्वेत सवलत असते. फॉर्मवर हॉस्पिटलचा सही-शिक्का लागतो.

पंचवटी_पासधारक
पाच वर्षांखाली तिकीटच नसतं हो.

जेलरोडचा_संदीप
सोबतच्याला असतं ना! वाचून तर बोला. आणि डॉक्टरांचं सर्टिफिकेट असेल तर ऑक्सिजन सिलिंडर पेशंटबरोबर नेता येतो, तेही तुम्ही चुकीचं सांगितलंत.

सिस्टर_सिडको
रेणुकाताई, बाकीचं राहू दे. ऑक्सिजन डॉक्टरांनी लिहून दिलाय का? आणि घाटात रडली तेव्हा नेमकं काय झालं? रंग बदलला होता का? रडून झाल्यावर कशी होती?

रेणुका_नाशिकरोड
लिहून नाही दिला. शेजारच्या काकांकडे कोविडमधला पडून आहे, असावा जवळ म्हणून विचारलं. रडताना ओठ आणि नखं निळी होतात तिची, त्या दिवशी जरा जास्त झाली, जांभळीच. जोरजोरात श्वास घेत होती. मग आपोआप शांत झाली आणि झोपली. हाक मारली तरी उठेना, दमली असणार. परवा सकाळी शी करताना पण तसंच झालं.

सिस्टर_सिडको
ताई, ही झोप नव्हे. फॅलोमधला झटका आहे हा, डॉक्टर याला स्पेल म्हणतात. फुप्फुसाकडे जाणारी वाट आधीच अरुंद असते, ती झटक्यात आणखी आवळली जाते आणि निळं रक्त फुप्फुसात न जाता परस्पर अंगभर फिरतं. म्हणून नुसत्या ऑक्सिजनच्या नळीने भागत नाही. सकाळी उठल्यावर, रडताना, शी करताना येतो. पुन्हा झालं तर दोन्ही गुडघे दुमडून छातीला लावून धरा, खांद्याशी घ्या आणि बाकीच्यांनी ओरडाआरडा करू नका. लगेच १०८. झटके टाळायचं औषध, प्रोप्रानोलॉल, चालू आहे का?

रेणुका_नाशिकरोड
पुड्या दिल्या होत्या त्याच ना? त्या शुक्रवारी संपल्या. मंगळवारी जायचंच आहे म्हणून थांबलो.

सिस्टर_सिडको
मंगळवारची वाट बघू नका. ते औषध असं एकदम बंद करायचं नसतं. डिस्चार्ज कार्डावर वॉर्डचा नंबर असेल, आत्ता फोन लावा आणि इथे लिहिलंत तसंच सांगा. जांभळी झाली, मग उठेना, पुड्या संपल्यात. "रडते" एवढंच सांगू नका. फोन लागला नाही तर तडक सिव्हिल किंवा लहान मुलांचं जे हॉस्पिटल जवळ असेल तिथे.

गोदाकाठ
घरात ऑक्सिमीटर असेल तर बोटाला लावून बघा ना आधी.

सिस्टर_सिडको
मोठ्यांचा चिमटा साडेपाच महिन्यांच्या बोटावर नीट बसत नाही, आकडा काहीही दाखवतो. त्यात वेळ घालवू नका.

मनीषा_सिन्नर
ताई, आधी फोन. हे नंतर निवांत वाचा. माझ्या मुलालाही हार्ट आणि टाळू दोन्ही होतं. टाळूचं ऑपरेशन साधारण नऊ महिन्यांनंतरच करतात, आणि हार्टवाल्यांनी हिरवा कंदील दिल्याशिवाय भूलवाले हात लावत नाहीत. म्हणजे तुमच्या गुरुवारसाठी आत्ता जीव काढण्यात अर्थ नाही. कार्डिओच्या डॉक्टरांकडून केसपेपरवरच दुसऱ्या डिपार्टमेंटला रेफरन्स लिहून घ्यायचा, बहुतेक वेळा त्याच दिवशी बघतात. खिडकीवरच्या माणसाला विचाराल तर तो वाराचा बोर्ड दाखवणार. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, त्या वाट काढतात. राहायला दादर पूर्वेला गाडगे महाराज धर्मशाळा आहे, हॉस्पिटलचे कागद जवळ ठेवा. आणि हो, दोन्ही एकत्र आहे म्हटल्यावर रक्तातलं कॅल्शियम आणि २२क्यू जेनेटिक टेस्ट (बाविसाव्या गुणसूत्राचा तुकडा गळालाय का बघतात) झाली का विचारा. आमच्याकडे कोणी विचारलंच नव्हतं.

जेलरोडचा_संदीप
पैशांचं काय? महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशनकार्ड, आधार, बाळाचा जन्मदाखला. त्र्यंबक रोडला सिव्हिलमध्ये आरबीएसकेचं (सरकारी बालआरोग्य कार्यक्रमाचं) डीईआयसी केंद्र आहे, लहान मुलांच्या हार्ट ऑपरेशनचे कागद तिथून पुढे सरकतात.

घोटीचा_भाऊ
रेशनकार्ड केशरी की पांढरं?

मनीषा_सिन्नर
भाऊ, ती फोनवर असेल आत्ता.

रेणुका_नाशिकरोड
लागला फोन. मंगळवार नको म्हणाले, रात्रीच जवळ ऍडमिट करा, स्थिर झाली की इकडे हलवा. आता इथल्या मुलांच्या हॉस्पिटलात आहोत. सलाईन लावलंय, औषध परत सुरू झालंय. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यानेपण झटके वाढतात म्हणे. सकाळी ऍम्ब्युलन्सने निघायचं.

सिस्टर_सिडको
हिमोग्लोबिनचं बरोबर सांगितलं त्यांनी. इथले रिपोर्ट आणि जुनी टू-डी इको (हार्टची सोनोग्राफी) जवळच्या पिशवीत ठेवा, डिकीत नको. आणि जुलाब-उलटी झाली तर याच मुलांना सगळ्यात आधी दाखवायचं, अंगातलं पाणी कमी झालं की झटका येतो.

घोटीचा_भाऊ
ऍम्ब्युलन्स घाटातून नेणार की समृद्धीने?

पंचवटी_पासधारक
अहो बास की.

रेणुका_नाशिकरोड
समृद्धीने चाललोय, ही झोपलीय, हाक मारली की डोळे उघडते. बोंडलं घरीच राहिलं. परळला कुठे मिळेल? सासूबाई केव्हाच्या विचारताहेत.

सविता_काकू
बोंडलं शोधत फिरू नका गं. डॉक्टर पाजा म्हणाले की स्टीलची वाटी-चमचा घे. उकळून घे मात्र.