प्रतिसाद: नात्यातली झाडं शेजारी नांदतात का?

'जवळच्या नात्यातली झाडं एकाच जागी टिकत नाहीत' हे विधान सरसकट पटत नाही. पनामातल्या जंगलात गिल्बर्ट आणि वेब या संशोधकांनी पानांना बुरशीची लागण करून पाहिली (२००७). नातं जितकं जवळचं, तितकी तीच बुरशी दुसऱ्यालाही लागण्याची शक्यता जास्त. तिथे भाऊबंदांचा शेजार महागात पडतो, खरंच.

पण सह्याद्रीतल्या जायफळ कुळातल्या झाडांच्या दलदली बघा! त्यातली मायरिस्टिका मॅग्निफिका ही जात खोडातून फुटलेल्या टेकूसारख्या मुळांवर उभी, तिच्याच कुळातल्या जिम्नॅक्रॅन्थेराची मुळं गुडघे दुमडल्यासारखी चिखलातून वर आलेली. कूळ एक, पाणीही एकच. इतर बहुतेक झाडांची मुळं तिथे हवेविना गुदमरतात, म्हणून तिथे ही नात्यातलीच झाडं शेजारी टिकतात. सिंधुदुर्गातली बांबर्डेची राईही अशीच. तिचा ओहोळ वळवला, तर नुसती झाडं राखून काय उपयोग?