फॅमिली ग्रुप: अभ्याचं व्हर्जिनियातलं स्पीडिंगचं तिकीट

अभी: लोकहो एक झोल झालाय. शनिवारी लुरेच्या गुंफा बघून परत येताना व्हर्जिनियात मामांनी धरलं. ६५ मैलांची लिमिट, तिकिटावर ८३ लिहिलंय. ऑनलाइन भरून मोकळा होऊ का? न्यू जर्सीत कळतं का हे कोणाला

रोहन (क्वीन्स): भर आणि विसर. मला पेनसिल्व्हेनियात बसलं होतं, लायसन्सवर गुन्ह्याचा एक पॉइंट नाही लागला

मोठा दादा: रोहन तुझं लायसन्स न्यूयॉर्कचं आहे रे. न्यूयॉर्क बाहेरच्या स्पीडिंगचे पॉइंट टाकत नाही, फक्त कॅनडातल्या ऑन्टारियो आणि क्वेबेकचे धरतं. जर्सीचं तसं नाही, बाहेरच्या राज्यात मूव्हिंग व्हायोलेशन, म्हणजे गाडी चालवताना नियम मोडणं, झालं की सरळ २ पॉइंट

अभी: मग स्वस्तात सुटलो की. हेच इथे जर्सीच्या टर्नपाइक हायवेवर झालं असतं तर ४ बसले असते

मोठा दादा: बसलेत ना, मार्चमध्ये. विसरलास? ४ आणि २ किती होतात. तीन वर्षांत सहा झाले की एमव्हीसीचं (आपल्या आरटीओसारखं इथलं ऑफिस) सरचार्जचं, म्हणजे जादा आकाराचं, पत्र येतं, १५० डॉलर, सहाच्या वर प्रत्येक पॉइंटला अजून २५, आणि हे एकदा भरून संपत नाही, दरवर्षी येतं

स्नेहा वहिनी: मी शेजारीच बसले होते. दोनदा सांगितलं हळू चालव, मुलं झोपलीयत. तर म्हणे सगळेच याच स्पीडने जातायत 🙄

आत्या (पुणे): म्हणजे चलानच ना? इकडे लोकअदालतीत तडजोड होते बाबा. आणि गाडीच्या इन्शुरन्सचा त्याच्याशी काय संबंध

मोठा दादा: आत्या इकडे चालवणाऱ्याचं रेकॉर्ड बघून हप्ता ठरवतात. रिन्यूअलला कंपनी रेकॉर्ड काढते, त्यात व्हर्जिनियाचं दिसलं की वाढवू शकते, आणि त्यांची मोजणी वेगळी, एमव्हीसीच्या पॉइंटशी जुळेलच असं नाही. अभ्या तू तो सहा तासांचा डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंगचा क्लास कर, २ पॉइंट उतरतात, पाच वर्षांतून एकदाच, इन्शुरन्सवर तीन वर्षं डिस्काउंट पण मिळतो, पण कन्व्हिक्शन, म्हणजे दोषी ठरल्याची नोंद, काही पुसली जात नाही त्याने

अभी: म्हणजे भरू नको?

मोठा दादा: भरलं म्हणजे गुन्हा कबूल केला. लोक पार्किंगच्या तिकिटासारखं कार्ड टाकून मोकळे होतात आणि मग रिन्यूअलला बोंबलतात. आणि नुसता गप्प बसलास तर ते जर्सीला कळवतात आणि इथलं लायसन्स सस्पेंड होऊ शकतं, तेव्हा ते तर अजिबात नको. कोर्टाच्या तारखेच्या आधी त्याच काउंटीतला (जिल्ह्यातला) वकील गाठ, नुसतं स्पीडिंग आहे तर बहुतेक तोच तुझ्यातर्फे उभा राहील. आणि नशीब समज, ८५ असतास तर लिमिटच्या २० वर म्हणजे रेकलेस (बेदरकार) ड्रायव्हिंग, व्हर्जिनियात ती क्रिमिनल केस असते, कायद्यात वर्षभरापर्यंत जेल आहे

अभी: दोन मैलांनी वाचलो 😬

मीनल काकू (एडिसन): ह्यांना तिकडेच बसलं होतं तेव्हा वकिलाने आधी स्पीडोमीटर कॅलिब्रेट करायला लावला. गॅरेजवाल्याने गाडी रोलरवर चढवली, काटा ४ मैल कमी दाखवत होता, तसं सर्टिफिकेट दिलं. जजने ते बघून स्पीड खाली आणला. हे तेव्हापासून सगळ्यांना सांगतात की चूक गाडीची होती

अभी: काकू वकिलाचा नंबर मला पर्सनलवर टाका ना

स्नेहा वहिनी: दादा, आज मेरीलँडच्या स्पीड कॅमेऱ्याचं पण पाकीट आलंय, त्याच ट्रिपचं. त्याचेही पॉइंट?

मोठा दादा: नाही, ते कॅमेऱ्याचं आहे, त्याला पॉइंट नाहीत, बिनधास्त भरून टाका. ते गाडीच्या मालकाच्या नावाने येतं

स्नेहा वहिनी: हो, माझ्याच नावाने आलंय. मी तेव्हा मागे मुलांना सँडविच भरवत होते