प्रतिसाद: लहान लेकरांना घेऊन फुटाळ्यावर जाताना

ताई, तुम्ही विचारलंत की तीन आणि पाच वर्षांच्या मुलांना रविवारी संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर न्यावं का. माझं मत विचाराल तर संध्याकाळी नकोच. रस्त्याच्या कडेला गाड्या, ठेले, गर्दी. एक हात मुलाला धरण्यातच अडकतो आणि तलाव बघायचाच राहतो. सकाळी सातच्या सुमारास जा. समोरच्या काठाला झाडी आणि शेतीची जमीन आहे, त्यामुळे पक्षी भरपूर दिसतात.

मागच्या हिवाळ्यात आमची चार वर्षांची लेक एका पाणकावळ्यासमोर खिळून उभी राहिली. तो दगडावर दोन्ही पंख पसरून बसला होता. "बाबा, त्याला थंडी वाजतेय का?" मी सांगितलं, त्याचे पंख बदकासारखे कोरडे राहत नाहीत, बुडी मारली की भिजतात, म्हणून उन्हात वाळवतो. घरी आल्यावर ओला टॉवेल खांद्यावर घेऊन तीही गॅलरीत तशीच उभी!

पाण्यात पोळी, ब्रेड टाकू देऊ नका. न खाल्लेलं कुजतं आणि पाणी खराब होतं. काठाजवळ मुलांचा हात अजिबात सोडू नका, पायऱ्यांवर शेवाळ असतं. नंतर जवळच्या तेलंगखेडी बागेत थोडं पळू द्या. डबा मात्र घरूनच न्या, संत्र्यांचे दिवस असतील तर चार संत्री टाकाच. सालं पिशवीत परत आणा.