पी.एल.व्ही. म्हणून निवड झाली, पण टेबलावर बसून नेमकं करायचं काय?

नवी_पीएलव्ही: गरजूंना मोफत वकील आणि कायदेशीर मदत देणाऱ्या तालुका विधी सेवा समितीत पॅरा लीगल व्हॉलंटियर (पी.एल.व्ही., म्हणजे कायदेशीर मदतीचा स्वयंसेवक) म्हणून निवड झाली आहे. प्रशिक्षणात कायदे भरपूर सांगितले. पण समोर माणूस येऊन बसला की सल्ला द्यायचा की नुसता अर्ज भरून घ्यायचा? उत्पन्नाचा दाखला सगळ्यांकडे मागायचा का?

कोर्टआवार: सगळ्यांकडे मुळीच नाही. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ चं कलम १२ पाठच करा. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतला माणूस यांना मोफत मदतीसाठी उत्पन्नाची अट नाही. तरी पोटगीसाठी आलेल्या बाईला दाखल्यासाठी सेतूत धाडतात. दोन चकरांत ती कंटाळते आणि पुन्हा येत नाही.

हक्क काय, अर्ज कुठे, कागद कोणते, हे सांगा. वकीलपत्र घेणं, कोर्टात उभं राहणं, "केस आपलीच" म्हणणं हे आपलं काम नाही. पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही. मानधन प्राधिकरण देतं, तेही कामाच्या दिवसांचं. त्याला पगार समजू नका.

तारीख_पे_तारीख: पोटगीच्या अर्जात सगळ्यात जास्त घोळ नवऱ्याच्या पत्त्याचा. "मु. पो. अमुक, ता. तमुक" एवढंच लिहिलं की समन्स "पत्त्यावर मिळून आला नाही" असा शेरा घेऊन परत येतं आणि पुढची तारीख पडते. वाडी, शेजाऱ्याचं नाव, कामाचं ठिकाण, मोबाईल नंबर, सगळं विचारा. अर्ज ती राहते तिथल्या कोर्टातही करता येतो, त्यासाठी सासरच्या तालुक्याला खेटे घालायला नकोत. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न-मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्यासाठी नवऱ्याच्या नोकरीचा, शेतीचा कागद, निदान सातबाराचा गट नंबर हाताशी ठेवा.

नवी_पीएलव्ही: अर्ज समितीत दिला की पुढचं समितीच बघते ना?

कोर्टआवार: वकील समिती नेमते, पण अर्ज दिला म्हणून मुदत थांबत नाही. चेक बाऊन्सचं बघा: चेक परतल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, तेवढ्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात तक्रार. अर्ज आठवडाभर फायलीत पडला तर यातला आठवडा गेला. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली तर उच्च न्यायालयात अपिलाला ६० दिवस (फाशी असेल तर ३०). ग्राहक तक्रारीला २ वर्षं आहेत, तिथे जरा दम खाता येतो.

तारीख_पे_तारीख: म्हणून माणूस बसला की आधी कागदावरची तारीख बघायची, कहाणी नंतर. शेवटचा दिवस अर्जाच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनने लिहा आणि अर्ज देताना क्लार्कला तोंडीही सांगा. पोच घ्यायला विसरू नका.